वॅट मोजून विकत घेतलेला बहिरेपणा

डीजेच्या भिंतींविरुद्ध आम्ही डॉक्टर दरवर्षी गणपतीच्या तोंडावर लिहितो. लिहायलाच हवं. पण मिरवणुका वर्षातले मोजके दिवस असतात. बोलेरो पिकअपच्या किंवा छोट्या हत्तीच्या केबिनमध्ये बसवून घेतलेले स्पीकर मात्र वर्षभर वाजतात. रोज, काही तास, बंद काचांच्या आत आणि कानापासून हातभर अंतरावर. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, कारण रस्त्यावरच्या लोकांना त्याचा त्रास होत नाही. त्रास होतो गाडी चालवणाऱ्याला, आणि तोही काही वर्षांनी.

गाडीत गाणी लावू नका, असं मी म्हणत नाही. नारायणगावहून वाशी मार्केटला रात्री टोमॅटो घेऊन निघणाऱ्या माणसाला सोबत हवीच. माझं भांडण आहे ते स्पीकर विकण्याच्या आणि बसवण्याच्या पद्धतीशी. दुकानात विचारलं जातं, "किती वॅट पाहिजे?" कानाचा विषयही निघत नाही. मग दारं उघडी ठेवून पूर्ण आवाजात नमुना वाजवला जातो, काचा थरथरतात आणि गिऱ्हाईक खूश होऊन पैसे मोजतं.

वॅट म्हणजे काय?

बऱ्याच चांगल्या स्पीकरला फक्त १ वॅट दिला, तरी एक मीटरवर साधारण ९० डेसिबल आवाज मिळतो. १० वॅट दिले की तो १०० होतो. म्हणजे डब्यावर शेकडो वॅट छापलेला स्पीकर दहा-वीस वॅटवरच कानाची मर्यादा ओलांडू शकतो. बाकीचे वॅट तुम्ही हौसेखातर विकत घेता.

कानाची मर्यादा कुठे आहे? कामगारांच्या सुरक्षेसाठी जगभर वापरला जाणारा हिशेब असा: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास आणि १०० ला जेमतेम १५ मिनिटं. पंधरा मिनिटांत गाडी मार्केट यार्डाच्या फाटकाबाहेरही पडत नाही.

"कान सरावतात हो, डॉक्टर"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की त्याला सरळ उत्तर देतो. कान सरावत नाहीत, कमजोर होतात. आतल्या कानात जन्मतः सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात. म्हणून गाडीतून उतरल्यावर थोडा वेळ कान बंद झाल्यासारखे वाटतात किंवा बारीक शिट्टी वाजते. रोज तसंच केलं की पेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. कालचा आवाज आज कमी वाटू लागला, तर तो कानाचा सराव नसून पहिली तूट असू शकते.

ही तूट आधी उंच पट्टीत पडते. 'स', 'श', 'फ', 'थ' अशी अक्षरं विरतात. व्यापारी फोनवर 'सात' म्हणतो, ह्याला 'आठ' वाटतं. माणूस म्हणतो, "ऐकू येतं, पण नीट कळत नाही." तोवर बरंच नुकसान झालेलं असतं. श्रवणयंत्राने मदत होते, पण गेलेला कान परत येत नाही.

आणि शेजारी बसलेल्या क्लीनरचं काय? आवाजाचं बटण त्याच्या हातात नसतं. रविवारी त्याच केबिनमध्ये मांडीवर बसून जत्रेला जाणाऱ्या लेकराच्या हातातही नसतं.

"भारी कंपनीचा घेतला, आता कान दुखत नाहीत"

हा गैरसमज जास्त धोक्याचा आहे. हलका स्पीकर फाटतो, टोचतो, म्हणून माणूस आवाज कमी करतो. चांगला स्पीकर मोठ्या आवाजातही स्वच्छ वाजतो, त्यामुळे ती सूचना मिळत नाही. इजा आवाजाच्या पातळीने आणि वेळेने होते. दुखलं नाही म्हणजे इजा झाली नाही, असं नव्हे.

"झोप येऊ नये म्हणून लावतो"

मोठ्या गाण्याने झोप फार तर थोडा वेळ लांबते, जात नाही. डोळे उघडे असतानाही मेंदू काही सेकंद झोपतो. ताशी ६० किलोमीटर वेगात तीन सेकंद म्हणजे ५० मीटर. त्यात मागचा हॉर्न आणि १०८ ची शिट्टी गाण्याखाली दबते. झोप आली तर गाडी सुरक्षित जागी लावा, चहा-कॉफी घ्या आणि वीस मिनिटं डोळे मिटा. ह्याला पर्याय नाही.

वायरिंगही आरोग्याचाच विषय आहे

४०० वॅटचा अँप्लिफायर पूर्ण जोरात १२ व्होल्टच्या बॅटरीतून तीस अँपिअरहून जास्त करंट ओढतो, म्हणजे सहा-सात हेडलाइटइतका. तो बारीक वायरीतून आणि पिळून टेप गुंडाळलेल्या जोडातून नेला तर वायर तापते. पत्र्याच्या कडेला घासून सोललेली, बिनफ्यूजची वायर तर थेट आगीचं आमंत्रण. सीटच्या फोमचा धूर छोट्या केबिनमध्ये फार वेळ देत नाही.

म्हणून स्पीकर बसवायला जाल तेव्हा एवढं मागाच:

- बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज. तो वायरीला वाचवण्यासाठी असतो. उडाला तर जाड तार घालू नका.
- करंटला पुरेल अशी तांब्याची जाड वायर. पत्र्यातून जाते तिथे रबराचा बूच.
- अर्थिंग रंग खरवडलेल्या, स्वच्छ पत्र्यावर घट्ट.
- आधी दारांचं फाटलेलं रबर बदला, सैल पत्रा बसवून घ्या. बाहेरचा गोंगाट जितका कमी आत येईल, तितकं गाणं चढवावं लागणार नाही.
- स्पीकर दारात, खाली. डोक्यामागे नको.
- मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपने कानाजवळ अंदाज घ्या, ८० च्या आसपास आकडा आला की प्लेअरवरचं तेच सगळ्यात वरचं ठिकाण ठरवा. शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत असेल, तर आवाज जास्तच आहे.

दुकानदार बंधूंनाही सांगणं आहे. तुम्ही स्वतः दिवसभर त्याच आवाजात उभे असता. गिऱ्हाइकाला मर्यादा सांगितल्याने धंदा बुडणार नाही, आणि तुमचेही कान वाचतील.

कानात शिट्टी वाजत असेल, बोलणं ऐकू येऊनही कळत नसेल, तर ऑडिओमेट्री करून घ्या. तपासणी साधी आहे, दुखत नाही. आणि एका बाजूने अचानक ऐकू येईनासं झालं, तर आठवडी सुट्टीची वाट पाहू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.