विमानाचे तास आणि बांधावरचे तास



भातकापणी उरकली, की आपल्या शहापूर-मुरबाडकडे भेंडीचे दिवस येतात. ही भेंडी मुंबईहून विमानाने आखातात आणि विलायतेला जाते. परवा एका शिवारात गेलो, तर आजी हिरमुसल्या होत्या. खरेदीदाराने दोन क्रेट परत पाठवले होते. शेंगा मऊ पडलेल्या, कडा काळ्या. आजींनी विचारले, "साहेब, लंडन किती लांब हो? विमानातच खराब होत असेल का?"

नातू म्हणाला, "छे! दुपारी दोनला निघते, संध्याकाळी साडेसहाला पोचते. साडेचार तास!"

इथेच गफलत होते. विमान सुटते ती वेळ आपल्या घड्याळाची आणि पोचते ती तिकडच्या घड्याळाची. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. आपले घड्याळ ८२॥ अंश पूर्व रेखांशावर लावलेले, लंडनचे शून्यावर. म्हणून हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार. म्हणजे नातवाच्या हिशेबातले विमान पोचते तेव्हा आपल्याकडे रात्रीचे बारा वाजलेले असतात. प्रवास दहा तासांचा झाला.

मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, तर दुबई सुमारे १,९००. दुबईला तीन-साडेतीन तास पुरतात. लंडनहून परतताना मात्र वेळ कमी लागतो, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून लंडनला गेले, ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत. आता मुक्कामाची गरज उरली नाही.

मग मी आजींना विचारले, "तोडा किती वाजता केला?"

"सकाळी सहाला."

"आणि टेम्पो?"

"अकराला आला. तोवर बांधावर होती."

"आजी, ते क्रेट विमानात चढलेच नाहीत. भेंडी बिघडली ती बांधावरच्या पाच तासांत."

तोडलेली शेंगसुद्धा श्वास घेते, तापते, पाणी गमावते. सात ते दहा अंशांच्या गारव्यात ती टिकते, त्याहून जास्त थंडीही तिला सोसत नाही. तेव्हा एवढे करा. टेम्पोची वेळ आधी ठरवा, मगच तोडा करा. कोवळी शेंग देठासह कापा, हातमोजे घाला. दाबलेली जागा काळी पडते. माल लगेच सावलीत न्या. गोणीत कोंबू नका, हवा खेळेल असे क्रेट वापरा आणि शेंगांवर पाणी मारू नका. फवारणीनंतर लेबलावर लिहिलेले दिवस पाळल्याशिवाय तोडा करू नका. युरोपात औषधाचा अंश तपासतात.

विमानाचे दहा तास आपल्या हातात नाहीत. त्याआधीचे पाच मात्र आहेत. आजींनी दुसऱ्याच दिवशी बांधावर पेंढ्याचा मांडव घालून घेतला.