घरातला लॅपटॉप : किल्ली कोणाच्या हाती?



आपल्या घरांत पूर्वी मोठी खरेदी म्हणजे शिलाई मशीन, सायकल, फार झाले तर टीव्ही. आता त्या रांगेत लॅपटॉप येऊन बसला आहे. मुलगी हिशेबाच्या कामाला लागते, मुलगा नाक्यावर ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे दुकान टाकतो, कोणाला घरी बसून कंपनीचे काम करावे लागते. मग पतपेढीचे कर्ज काढून किंवा हप्ते बांधून ५०-६० हजारांचे यंत्र घरात येते. दुकानदार म्हणतो, "थोडे जास्त घाला, पण बिझनेस लॅपटॉप घ्या. टिकेल."

हे त्याचे म्हणणे बरेचसे खरे आहे. थिंकपॅड, एलिटबुक, लॅटिट्यूड ही नावे याच वर्गातली. (लॅटिट्यूडच्या जागी २०२५ पासून 'डेल प्रो' हे नाव आले.) यांचा सांगाडा मजबूत असतो, कीबोर्ड दिवसभराच्या कामाला टिकतो, सुटे भाग मिळतात. परंतु यंत्र मजबूत आहे एवढ्याने ते आपले होत नाही. त्याचे बिल, त्याचे खाते आणि त्याची किल्ली आपल्या हाती असली, तरच ते आपले. हे का म्हणतो, ते काही कुटुंबांच्या अनुभवांवरून पाहू.

परकी किल्ली

एका भगिनीने ठेकेदाराचे हिशेब करण्यासाठी नवा लॅपटॉप घेतला. दुकानातल्या पोऱ्याने दहा मिनिटांत तो "चालू करून" दिला. चार महिन्यांनी रात्रीतून यंत्राने आपोआप अपडेट घेतले आणि सकाळी निळा पडदा आला : ४८ अंकी रिकव्हरी की टाका. जवळच्या कारागिराने सांगितले, "हार्ड डिस्क उडाली, फॉरमॅट मारावे लागेल." डिस्क मुळीच उडाली नव्हती. यंत्र फक्त कुलूपबंद झाले होते आणि त्याची किल्ली दुकानातल्या पोऱ्याच्या ईमेल खात्यात होती. तो नोकरी सोडून गावी गेला होता. महिनाअखेर होती, मजुरांचे पगार काढायचे होते. शेवटी फॉरमॅट मारले आणि सगळे हिशेब गेले. कागदी पावत्या जपून ठेवल्या होत्या म्हणून ते पुन्हा भरता आले, पण त्यात कितीतरी रात्री गेल्या.

असे का होते? विंडोज ११ असलेल्या नव्या यंत्रात ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा प्रवेश केला जातो, त्या खात्यात किल्ली जमा होते आणि यंत्रातला मजकूर गुप्त लिपीत ठेवला जातो. याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला आपली कागदपत्रे वाचता येऊ नयेत, हा त्याचा चांगला हेतू आहे. परंतु बायोसचे अपडेट आले किंवा मदरबोर्ड बदलला, तर यंत्राला संशय येतो आणि ते मालकाकडेच किल्ली मागते. किल्ली नसेल तर मजकूर कोणालाच काढता येत नाही, अगदी कंपनीलासुद्धा नाही.

म्हणून पहिले काम हे की, लॅपटॉप आपल्या स्वतःच्या ईमेलनेच चालू करावा. आधीच घेतला असेल तर सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' उघडून कोणाचा ईमेल आहे तो आज पाहावा. परका असेल आणि यंत्रात अजून काही ठेवले नसेल, तर सरळ रिसेट करून आपल्या खात्याने पुन्हा सुरू करावे. काम सुरू झाले असेल तर आधी सगळ्या फायलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि मगच रिसेट करावे. मायक्रोसॉफ्टच्या आपल्या खात्यात ही किल्ली पाहता येते. विंडोजच्या प्रो आवृत्तीत 'मॅनेज बिटलॉकर' शोधले की तिची प्रतही काढता येते. ते ४८ अंक कागदावर लिहून बिलासोबत कपाटात ठेवावेत. लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नयेत. कुलूप आणि किल्ली एकाच पिशवीत ठेवून उपयोग काय?

हाताला मुंग्या

दुसऱ्या एका घरी लहान पोरगी म्हणू लागली, "आई, लॅपटॉप चावतो." चार्जर लावला की धातूच्या अंगाला हात लावताच मुंग्या येत. दुकानात नेला तर तिथे काहीच होईना. दोष लॅपटॉपचा नव्हता, घरातल्या बोर्डाचा होता. चार्जरची पिन तीन पायांची, बोर्ड दोन भोकांचा, म्हणून मध्ये कन्व्हर्टर लावला होता. चार्जरमध्ये विजेतली गडबड गाळणारा एक छोटा भाग असतो. त्याला अर्थिंगची वाट मिळाली नाही की अगदी थोडा प्रवाह यंत्राच्या अंगावर उतरतो. पुष्कळ जुन्या घरांत बोर्ड तीन भोकांचा दिसतो, पण अर्थिंगची तार आत जोडलेलीच नसते. वायरमनकडून ती तपासून घ्यावी. तिसरा पाय कधीही तोडू नये. मुंग्यांऐवजी जोराचा झटका बसला, तर चार्जर त्याच क्षणी बंद करावा.

चालूच होत नाही

"नवा लॅपटॉप मेला" ही सगळ्यांत मोठी धास्ती. कारागिराकडे धावण्यापूर्वी एवढे करून पाहावे. चार्जर व इतर सर्व तारा काढाव्यात. पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, मग सोडावे. मूळ चार्जर लावून दहा मिनिटे थांबावे आणि मग चालू करावा. आत अडकलेली वीज निघून गेली की पुष्कळदा यंत्र उठते.

दुसरे कारण चार्जरचे. आता लॅपटॉप व मोबाइल दोघांचे टोक सारखेच झाले आहे, म्हणून घरातली पोरे मोबाइलचा चार्जर लॅपटॉपला लावतात. लॅपटॉपला सामान्यतः ६५ वॅटचा चार्जर लागतो, मोबाइलचा पुष्कळदा १८ किंवा २५ वॅटचा असतो. टोक बसले म्हणजे पोट भरले असे नाही. बॅटरी हळूहळू भरते किंवा भरतच नाही, आणि दोष यंत्रावर येतो.

तिसरे कारण गादीचे. एका खोलीच्या घरात टेबल नसते, लॅपटॉप गोधडीवर ठेवून काम चालते. त्याने खालची जाळी बंद होते, पंखा घोंघावतो, यंत्र तापून मंद होते. खाली लाकडी पाट ठेवावा. पुष्कळ बिझनेस लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. दिवसभर चार्जर लावून बसणाऱ्यांनी ती जरूर लावावी, बॅटरीचे आयुष्य वाढते. बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला, तर लॅपटॉप वापरणे तिथेच थांबवावे.

बिल आणि हक्क

काही दुकानदार म्हणतात, "जीएसटीचे बिल नको असेल तर दोन हजार कमी घेतो." हे दोन हजार फार महाग पडतात. पक्के बिल हवे, त्यावर यंत्राचा सिरीयल नंबर हवा, आणि तो लॅपटॉपच्या खालच्या नंबराशी जुळवून घ्यावा. कंपनीच्या संकेतस्थळावर तो नंबर टाकला की वॉरंटी केव्हा सुरू झाली ते दिसते. वॉरंटी दोन वर्षांपूर्वीच सुरू झाली असे दिसले, तर 'नवा' म्हणून कदाचित जुनाच हाती पडला आहे. शंका त्याच दिवशी विचारावी. दुकानात पडून राहिल्यामुळे तारीख थोडी मागची असेल, तर बिल दाखवून ती दुरुस्त करून मागावी.

बिघाड झाल्यावर तोंडी बोलू नये. तक्रार क्रमांक घ्यावा, तारीख लिहावी, पडद्यावरच्या अक्षरांचा फोटो काढावा. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. "बिझनेस लॅपटॉप आहे, तुम्ही ग्राहक नाही," असे कोणी सांगितले तर गप्प बसू नये. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू कायद्यातून वगळली आहे हे खरे, पण जो स्वतः राबून पोट भरण्यासाठी ती वापरतो तो ग्राहकच आहे, असे त्याच कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. म्हणून बिल आपल्याच नावाचे घ्यावे. कोणा ओळखीच्या फर्मच्या नावावर घेऊ नये.

कोणी जाणकार सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. "डिस्क उडाली" म्हणणाऱ्या कारागिरापुढेही तोच उपयोगी पडतो. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले. शिक्षण शाळेच्या दाराशी संपत नाही. घरात आलेले यंत्र समजून घेणे हेही शिक्षणच.

शेवटी एक सुचवावेसे वाटते. प्रत्येक वस्तीत एखादा तरी मुलगा किंवा मुलगी या कामात हुशार असतेच. रविवारी विहारात वंदना झाल्यावर त्यांनी अर्धा तास बसावे आणि ज्यांच्या घरी लॅपटॉप आहे त्यांनी तो घेऊन यावे. खाते कोणाचे, किल्ली कुठे, बिलावर नंबर आहे का, एवढे तीनच प्रश्न विचारावेत. अर्ध्या तासात एखाद्या घरचे वर्षभराचे काम वाचेल.

जयभीम! नमो बुद्धाय!