घरांतील यंत्रें : दाबाचा कांटा कां उतरतो?

ज्या घरांत न्हाणीघराच्या कोपऱ्यांत तांब्याचा बंब असे, त्या घरांत बिघाड शोधण्याची विद्या कोणास मुद्दाम शिकावी लागली नाहीं. पाणी तापलें नाहीं तर लांकूड ओलें, धूर कोंडला तर नळकांडें काजळीनें भरलेलें, जमिनीवर ओल दिसली तर तोटी गळकी. दोष आणि त्याचें कारण हीं दोन्ही एकाच दृष्टिक्षेपांत येत. परंतु आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें आज इंग्लंडांत संसार थाटून आहेत, आणि त्यांच्याकडे हिंवाळ्यांत राहावयास जाणाऱ्या आईबापांस ज्या यंत्रणेच्या उबेवर दिवस काढावे लागतात, तिची गोष्ट निराळी. तेथें अग्नि एका बंद पेटींत, पाणी भिंतींच्या व जमिनीच्या फळ्यांच्या पोटांत, आणि घरच्या माणसांच्या हातीं काय, तर एक कांटा व एक कळ. बिघडली म्हणजे ही यंत्रणा बोलत नाहीं. नुसती थंड पडते.

तिची घडण समजावयास मात्र कठीण नाहीं. बॉयलरमध्यें गॅसच्या ज्योतीवर पाणी तापतें. विजेचा पंप तें नळांवाटे खोल्याखोल्यांतील रेडिएटरांत, म्हणजे भिंतीला लावलेल्या चपट्या पोलादी पेट्यांत, ढकलतो. उष्णता देऊन निवलेलें पाणी पुन्हां बॉयलरकडे येतें. तेंच पाणी वर्षानुवर्षें फिरत राहतें. हल्लींच्या बहुतेक घरांत तें बाहेरच्या हवेपासून बंद असतें, व यंत्रणा थंड असतांना त्याचा दाब एक ते दीड बार ठेवतात. आतां पाणी तापलें कीं फुगतें. १० अंशांवरून ७० अंशांवर नेलेल्या १०० लिटर पाण्याचें आकारमान सुमारें सव्वादोन लिटरांनीं वाढतें. या वाढीस जागा हवी म्हणून एक पोलादी डबा जोडलेला असतो. त्याच्या मध्यें रबराचा पडदा, एका अंगास पाणी, दुसऱ्या अंगास कोंडलेली हवा. पाणी फुगलें कीं हवा आवळते, निवलें कीं पसरते. यास आपण प्रसरणपात्र म्हणूं. त्यानेंही न भागल्यास ३ बार दाबाला उघडणारी सुरक्षा-झडप असते, आपल्या कुकरला असते त्याच जातीची. तिचें पाणी एका बारीक तांब्याच्या नळीनें घराबाहेर पडतें. ही नळी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आमच्या परिचयांतील एका कुटुंबाचें घर लंडनच्या उत्तरेस आहे. मुलगा व सून दोघेंही दिवसभर कामावर. घरीं पुण्याहून गेलेल्या सासूबाई, वय पंचाहत्तरीच्या पुढें, सांधे धरलेले. नोव्हेंबर लागला आणि दाबाचा कांटा दर दोन दिवसांनीं शून्याजवळ येऊं लागला. बॉयलर आपोआप बंद पडे. पहिल्या कारागिरानें पाणी भरून दाब वाढविला आणि तो निघून गेला. दुसऱ्यानें घरांत कोठेंच ओल नाहीं हें पाहून सांगितलें कीं, गळती जमिनीखालीं असणार. फळ्या उचकटाव्या लागतील, नाहीं तर बॉयलरच नवा घ्या. नवा बॉयलर म्हणजे दोन-तीन हजार पौंडांचें काम. मुलाचा होकार जवळजवळ झाला होता. इकडे सासूबाई दोन-दोन गोधड्या लपेटून बसत, आणि परतीचें तिकीट अलीकडचें काढण्याविषयीं बोलूं लागल्या होत्या.

परंतु बसल्या जागीं त्यांनीं एक गोष्ट केली होती. दुधाचा हिशेब लिहिण्याच्या जन्माच्या संवयीनें त्यांनीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत कांट्याचे आंकडे टिपले होते: सकाळीं बॉयलर पेटण्यापूर्वीं, पेटल्यावर तासाभरानें, आणि रात्रीं निजतांना. चौथ्या दिवशीं त्या मुलास म्हणाल्या, "अरे, हा तापला कीं आधीं चढतो, पार तीनपर्यंत, आणि निवला कीं पडतो. गळका हंडा कधीं आधीं भरतो का?"

या एका प्रश्नांत सर्व निदान आहे. जमिनीखालच्या नळास भोक असतें, तर कांटा यंत्रणा थंड असतांनाही रात्रंदिवस उतरत राहिला असता, आणि तापल्यावर तीनपर्यंत चढण्याचें त्यास कारण नव्हतें. येथें प्रसरणपात्रांतली हवाच निघून गेली होती. फुगलेल्या पाण्यास जागा मिळेना, दाब वाढला, झडप उघडली, तांब्या-दोन तांबे पाणी त्या बारीक नळीवाटे बाहेर मातींत गेलें. निवल्यावर तेवढें पाणी कमी, म्हणून कांटा खालीं. घरांत ओल दिसावी कशी? मुलानें रात्रीं नळीच्या तोंडाशीं प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवली. सकाळीं तींत पाणी होतें. तिसऱ्या कारागिरानें पात्रांत पुन्हां हवा भरली, आणि वारंवार उघडून नीट न बसणारी झडप बदलली. नव्या बॉयलरचें नांव पुन्हां निघालें नाहीं. पहिल्या दोघांस दोष देण्यांत आम्हांस फारसा अर्थ दिसत नाहीं. कारागीर घरांत अर्धा तास असतो, आणि त्या अर्ध्या तासांत कांटा जेथें असेल तेथेंच त्याला दिसतो.

कांटा थंडपणींही उतरत असेल, तर निराळी परीक्षा आहे. रात्रीं बॉयलर बंद करून त्याच्या खालच्या, खोल्यांकडे जाणाऱ्या नळांच्या झडपा मिटाव्या. सकाळीं बॉयलरचा कांटा स्थिर असल्यास गळती नळांत अथवा रेडिएटरांत. उतरला असल्यास बॉयलरमध्येंच. तापलेल्या नळावरचा बारीक झिरपा जागच्या जागीं वाळून जातो, व सांध्यावर पांढरट किंवा हिरवट पूट तेवढें राहतें. तें शोधावें.

कांटा उतरला कीं पाणी भरून मोकळें होण्याची रीत मात्र वाईट. यंत्रणेंतल्या जुन्या पाण्यांतील प्राणवायु केव्हांच संपलेला असतो. प्रत्येक नव्या भरणीबरोबर तो पुन्हां आंत येतो व पोलादास गंज चढवितो. त्याचा काळा गाळ रेडिएटरांच्या तळाशीं बसतो. रेडिएटर वर थंड व खालीं गरम असेल तर आंत हवा अडकली आहे, ती किल्लीनें सोडतां येते. वर गरम व खालीं थंड असेल तर बहुधा हा गाळ. म्हणजे रोजच्या उपचारानेंच दुसरा रोग जडतो.

आणखी एक बिघाड असा आहे कीं, कारागीर दारांत येतांच तो नाहीसा होतो. इंग्लंडांत २००५ च्या एप्रिलपासून धुरांतील वाफेचीही उष्णता काढून घेणारे बॉयलर, थोडे अपवाद वगळतां, सक्तीचे झाले. त्या वाफेचें पाणी प्लॅस्टिकच्या नळीनें पुष्कळदां बाहेर सोडलेलें असतें. पहांटेच्या हिंवांत तें नळींत गोठतें, बॉयलर गुडगुडतो आणि थांबतो; दुपारीं बर्फ वितळलें कीं सर्व सुरळीत. २०१० च्या डिसेंबरांतील कडाक्यांत ब्रिटनमध्यें या एकाच कारणानें असंख्य घरें गारठलीं. नळीवर कोंबट पाणी ओतावें, उकळतें नव्हे. पण असें कांहीं सुचावयास बिघाडाची वेळ कोणी तरी टिपलेली हवी.

एका बाबतींत मात्र घरच्यांनीं टिपणें करीत बसूं नये. गॅसच्या भागास हात लावण्याचा अधिकार तेथें कायद्यानें फक्त नोंदणीकृत कारागिरास आहे. २००९ पासून ही नोंदवही 'गॅस सेफ' या नांवानें चालते. अर्धवट जळणाऱ्या गॅसपासून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु होतो, आणि त्याला ना रंग ना वास. डोकें दुखणें, मळमळ, घेरी, आणि बाहेर फिरून आलें कीं बरें वाटणें, हीं त्याचीं लक्षणें. नवीन गेलेलीं आपलीं वडील माणसें हें हवापालटाचें किंवा प्रवासाच्या जागरणाचें म्हणून अंगावर काढतात. घरांत दोघांतिघांस एकदमच असें होऊं लागलें तर ज्योत बंद करावी, खिडक्या उघडाव्या, सर्वांनीं बाहेर यावें, आणि ०८०० १११ ९९९ या क्रमांकास फोन करावा. तो दिवसरात्र चालू असतो. या वायूची सूचना देणारी घंटा मिळते. आईवडिलांच्या निजण्याच्या खोलींत बॉयलर असेल, तर ती त्यांच्या येण्यापूर्वींच लावून ठेवावी.