रिस्टार्ट म्हणजे दुरुस्ती नव्हे

हल्ली कुठलंही यंत्र बिघडलं की एकच मंत्र ऐकू येतो, "बंद करून चालू करा." टीव्हीच्या डब्याला तोच, मोबाईललाही तोच. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांनी तो जपला तर एक वेळ चालेल. पण जी मुलं हौसेने यंत्राच्या पोटात शिरली आहेत, तीही हेच करू लागली की मला राग येतो. मी बोलतेय गेमचे सर्व्हर चालवणाऱ्या मुलांबद्दल. (हसू नका! आयुष्यभर शाळेत शिकवलं, समोरच्याला कारण विचारायची खोड जात नाही.)

माझा नातू आणि त्याचे मित्र 'गॅरीज मॉड' खेळतात. 'हाफ लाइफ २' या खेळाच्या इंजिनावर २००४ पासून उभं असलेलं हे प्रकरण. त्यात पेट्या, फळ्या, चाकं जोडून वाट्टेल ते बांधायचं. मुलं आपापल्या घरी, पण जग एकच, आणि पेटी नेमकी कुठे आहे हे शेवटी ठरवणार सर्व्हर. मग कधी पेटी थरथरते, कधी गाडी जमिनीत रुतते, कधी फळी तोफगोळ्यासारखी आकाशात जाते. उपाय काय? सगळं पुसा, रिस्टार्ट करा. कारण विचारलं तर उत्तर मिळतं, "लॅग आहे गं आजी."

लॅग! गृहपाठ न आणणाऱ्याचं 'पोटात दुखत होतं' असायचं ना, तसलं हे उत्तर.

अहो, फळी उडताना सगळ्यांना दिसली की एकालाच, एवढं तरी आधी विचारा. एकालाच दिसली असेल तर संशय त्याच्या जोडणीवर घ्या. त्याच्या कॉम्प्युटरने पुढचा अंदाज बांधला, सर्व्हरचं खरं उत्तर उशिरा आलं, म्हणून वस्तू झटक्याने मागे आली. पण सगळ्यांनी एकच फळी उडताना पाहिली, तर बिचाऱ्या नेटवर्कने काय केलं? चूक सर्व्हरच्या गणितात शोधायला हवी.

आणि गणित तरी कसलं, सातवी-आठवीचं! सर्व्हरचा काळ नदीसारखा वाहत नाही, पावलं टाकत जातो. सेकंदाला ६० पावलं धरा. सेकंदाला ३० मीटर वेगाने जाणारा चेंडू एका पावलात अर्धा मीटर सरकतो. वाटेतली भिंत वीस सेंटिमीटर जाडीची असेल, तर या पावलाला चेंडू अलीकडे आणि पुढच्या पावलाला पलीकडे. मधला मार्ग कुणी तपासलाच नाही, तर भिंतीला पत्ताही लागत नाही. फळी उडते तीही अशीच. दोन वस्तू एकमेकींत घुसलेल्या सापडल्या की इंजिन त्यांना बाहेर ढकलतं, आणि जितक्या खोल घुसल्या तितका धक्का मोठा. यात भूत नाही आणि लॅगही नाही.

आता घड्याळ. 'सर्व्हर किती सेकंद चालू आहे' हा आकडा ३२ बिटांच्या अपूर्णांकी संख्येत ठेवला, तर त्यातले खरे अंक मोजायला २४ बिटंच मिळतात. १,३१,०७२ सेकंदांनंतर, म्हणजे साडेछत्तीस तासांच्या जरा आत, त्या आकड्याला सेकंदाच्या चौसष्टाव्या भागापेक्षा बारीक काही मोजताच येत नाही. सेकंदाला ६६ पावलं टाकणाऱ्या सर्व्हरचं पाऊल त्याहून लहान! काल सरळ उभी असलेली पेटी आज का थरथरते, याचं हे एक कारण असू शकतं. पण दर वेळी रिस्टार्ट करणाऱ्याला ते कधी कळणार? पुरावाच पुसला की हो.

"खेळच तर आहे," असं म्हणणाऱ्यांसाठी सांगते. २५ फेब्रुवारी १९९१, सौदी अरेबियातलं धाहरान. तिथली पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा सलग शंभर तास चालू होती. तिचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजायचं. एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत आवर्ती होते, जशी आपल्याकडे एक तृतीयांश. २४ बिटांवर शेपूट कापलं गेलं. शंभर तासांत फरक साचला सेकंदाचा जेमतेम एक तृतीयांश, पण तेवढ्यात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जातं. यंत्रणा त्याला चुकीच्या जागी शोधत राहिली. २८ अमेरिकी सैनिक गेले.

यावर नातू म्हणाला, "मग रिस्टार्टच करायला हवं होतं ना?" बरोबर, घड्याळ शून्यावर आलं असतं. पण किती तासांनी करायचं? इस्रायलींनी हा दोष दोन आठवडे आधीच कळवला होता. मग अमेरिकी तुकड्यांना सूचनाही गेली की यंत्रणा फार वेळ चालू ठेवू नका. 'फार वेळ' म्हणजे किती, ते मात्र लिहिलं नव्हतं. सुधारित प्रोग्रॅम धाहरानला पोचला २६ तारखेला. एक दिवस उशिरा.

तेव्हा मुलांनो, रात्री दोन वाजता सगळे ओरडत असताना रिस्टार्ट करावंच लागलं तर करा, माझी ना नाही. पण हात लावण्याआधी चार ओळी लिहून ठेवा: सर्व्हर किती तास चालू होता, कोणती वस्तू बिघडली, कुठे, कुणाकुणाला दिसली. दुसऱ्या दिवशी रिकाम्या जगात एकच पेटी ठेवून तोच बिघाड मुद्दाम घडवून बघा. घडला की एका वेळी एकच गोष्ट बदला. बेरजेचा ताळा करायला शिकवतात, तो शाळेपुरताच का ठेवायचा?

नातू म्हणतो, इतकं कोण लिहीत बसणार. असो. वही मी देईन.