थुंकी साफ, रक्तात टीबी

टीबी म्हटलं की सगळे छातीच बघतात. पण एचआयव्हीनं शरीराची राखण मोडली की हा जंतू रक्तात उतरतो. लिव्हर, प्लीहा, मेंदू गाठतो. थुंकी बऱ्याचदा साफ येते. "टीबी नाही" म्हणून माणसाला घरी धाडतात, आणि तो तापानं जळून मरतो. रक्ताच्या कल्चरला आठवडे लागतात. लघवीची साधी पट्टी २५ मिनिटांत बोलते. ना मशीन, ना वीज. आफ्रिकेतल्या चार देशांच्या इस्पितळांत तिच्यामुळं मृत्यू घटले, हे २०१६ साली छापून आलं. ती निगेटिव्ह आली तरी टीबी नाहीच असं नव्हे. पण ज्या वॉर्डात ती ठेवलेलीच नाही, तिथल्या मरणाला मी नशीब म्हणणार नाही. मी त्याला खून म्हणतो. पट्टी मागा. लेखी मागा.