गाडी मागून डोलते!

रविवारी सकाळी वाईला निघालो होतो. मी, बायको आणि बाबांची १९९४ची यामाहा आरएक्स हंड्रेड. (हे मॉडेल १९९६ला बंद झालं, पण सिग्नलला थांबलो की अजूनही दोन-चार माना वळतातच!) खेड-शिवापूर मागे पडलं, रस्ता मोकळा मिळाला, काटा सत्तरला टेकला आणि गाडी नागासारखी सळसळायला लागली. मागे कंटेनर. सुदैवाने घाबरून ब्रेक दाबला नाही. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडला, हँडल घट्ट न आवळता नुसतं धरून ठेवलं. चाळीसवर आल्यावर बाईसाहेब शांत झाल्या.

"माझ्या सीटखाली कुणीतरी लाटणं फिरवत होतं," बायको म्हणाली.

"वारा असेल गं," मी.

वाईहून ती एसटीने परतली.

सोमवारी ऑफिसच्या चहाच्या टपरीवर सल्ल्यांचा पाऊस. जुनी गाडी आणि पाठदुखी या दोन विषयांत आपल्याकडे प्रत्येकजण डॉक्टर असतो. एकाने टायर सांगितले. त्यात तथ्य होतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. माझ्या मागच्या टायरवर होतं ११०९, म्हणजे २००९चा अकरावा आठवडा! नक्षी बऱ्यापैकी शिल्लक होती, पण रबर पार लाकूड झालेलं. दोन्ही टायर बदलले, थंड असताना हवा मोजून भरली. गाडी सत्तरला पुन्हा डोलली.

मग एका गॅरेजवाल्याने ऐकता ऐकताच पाना काढला आणि कोनसेट आवळला. इतका, की हँडल जड झालं. आता तर गाडी ट्रॅफिकमध्ये वीसच्या स्पीडलाही दारू प्यायल्यासारखी चालायला लागली. हँडल आपोआप बारीक-बारीक सावरत असतं म्हणून गाडी सरळ जाते, ते स्वातंत्र्यच आपण काढून घेतलेलं. पुन्हा ढिला करून घेतला. कोनसेटची खरी परीक्षा अगदी सोपी आहे. गाडी डबल स्टँडवर लावायची, मागून कुणीतरी दाबून पुढचं चाक उचलायचं आणि फोर्कचे पाय खालून धरून पुढे-मागे हलवायचे. टकटक लागलं तर सैल. हँडल वळवताना मध्यभागी अडकल्यासारखं झालं तर बॉलरेसला खड्डे पडलेत, मग तो कितीही आवळा, उपयोग नाही. माझा चांगला निघाला. पुढचे शॉकअप बदलायचं एस्टिमेटही घेऊन झालं होतं, तेवढ्यात बाबा साताऱ्याहून आले.

त्यांनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. चहा घेता घेता विचारलं, "हाताला जाणवतं की बुडाला?"

मी गप्प. खरं सांगायचं तर तेव्हा सगळं अंगच थरथरत होतं.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "बुडाला, बाबा! मी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग पुढे काय शोधतोयस?" बाबा उठलेच. हँडल भरभर थरथरलं तर पुढे बघायचं आणि गाडी वेगात सावकाश झोके घ्यायला लागली की आधी मागे, हा त्यांचा हिशोब. शंभर टक्के लागू पडतो असं नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं. पार्किंगमध्ये त्यांनी गाडी डबल स्टँडवर घेतली, एका हाताने फ्रेम धरली, दुसऱ्याने मागच्या चाकाजवळ चिमटा पकडला (ज्याला मॅन्युअलमध्ये स्विंगआर्म म्हणतात तो) आणि आडवा हिसका दिला.

खट्.

पुन्हा, खट्. चिमटा जिथे फ्रेमला जोडलेला असतो तिथले बुश पार झिजलेले. तिथे केसभर खेळ असला तरी चाकापाशी पोचेपर्यंत तो वाढतो आणि मागचं चाक आपली दिशा आपणच ठरवायला लागतं. वर चेन आवळताना दोन्ही बाजूंच्या खुणाही कुणी जुळवल्या नव्हत्या. डावीकडे तिसरी, उजवीकडे चौथी. चाक तिरकं! ते 'कुणी' म्हणजे अस्मादिक, गेल्या दिवाळीत.

नवे बुश, चिमट्याचा नवा बोल्ट, ग्रीस, अलाइनमेंट. सगळं मिळून एका टायरपेक्षा स्वस्त पडलं. शॉकअपचं एस्टिमेट अजून पाकिटात आहे.

शनिवारी पहाटे एकट्याने त्याच रस्त्यावर साठ, सत्तर करून बघितलं. सुतासारखी सरळ. घरी येऊन बायकोला म्हटलं, "उद्या वाई?"

"चालेल," ती म्हणाली आणि किल्ली तिने उचलली. "मागे तू बस. लाटणं फिरलं तर सांग."