कर्णधाराची वही

आमच्या या अंकाला मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत, आणि राहुल द्रविडवर लेख आला तर तो कोणत्या विभागात घालायचा हा वाद काही मिटत नाही. घरची भाषा मराठी, जन्म इंदूरचा, वाढला बंगळूरला, खेळला कर्नाटकाकडून. मला दोन्ही भाषा येत असल्यामुळे दोन्हीकडची वकिली ऐकावी लागते. गंमत अशी, की ऑगस्ट २००७ च्या ओव्हल कसोटीचा विषय निघाला की दोन्ही पक्ष आपला हक्क सोडायला तयार होतात. कन्नड मित्र म्हणतात, तो त्या दिवशी तुमचा होता. आणि आम्ही तो त्यांना परत करतो!

असे द्रविडने केले तरी काय? भारताने पहिल्या डावात ६६४ धावा केल्या होत्या. अनिल कुंबळेचे कसोटीतले एकुलते एक शतक त्यातलेच. इंग्लंडचा डाव ३४५ वर आटोपला. पाच दिवसांच्या कसोटीत पहिल्यांदा खेळलेल्या संघाची आघाडी २०० किंवा त्याहून जास्त असेल, तर त्याच्या कर्णधाराला प्रतिपक्षाला लागलीच पुन्हा फलंदाजीला उतरवता येते. यालाच फॉलोऑन म्हणतात. येथे आघाडी होती ३१९. तरी द्रविडने फॉलोऑन दिला नाही. भारत पुन्हा खेळला, इंग्लंडपुढे ५०० धावांचे आव्हान ठेवले, आणि इंग्लंडने ६ बाद ३६९ करून सामना अनिर्णित ठेवला. हातातला विजय घालवला म्हणून द्रविडवर जी टीका झाली, ती आजही आमच्या कॅन्टीनमध्ये चालू आहे. त्या वेळी आमच्यापैकी बहुतेक जण रांगतसुद्धा नव्हते, ही गोष्ट वेगळी.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, तेव्हा माझी दृष्टी वहीखात्याची. लेखाशास्त्रात एक संकेत आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात: संभाव्य तोट्याची तरतूद आधी करावी, हाती न आलेला नफा मात्र वहीत धरू नये. दुकान चालवायला हा संकेत उत्तम. परंतु नुसत्या याच्या आधारावर कोणी दुकान काढणार नाही! दुकान काढणारा माणूस भांडवल धोक्यात घालतो, ते किती घालायचे आणि कशासाठी, एवढेच त्याच्या हातात असते. कर्णधाराचेही तसेच. जोखीम घेतली म्हणून शूर आणि नाही घेतली म्हणून भित्रा, हा हिशेब मला पटत नाही. जोखमीची किंमत काय होती आणि बदल्यात काय मिळणार होते, हे कोणी विचारतच नाही.

आता अजित वाडेकरांचे उदाहरण घ्या. १९७१ च्या जानेवारीत विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी वाडेकर कर्णधार झाले. पतौडी त्या काळी आपल्या हैदराबादच्या संघाकडून जयसिंहाच्या नेतृत्वाखाली खेळत असत. तेव्हा ही निवड आपल्या शहराला किती रुचली असेल याची कल्पना करावी. फेब्रुवारीत किंग्स्टनला पहिली कसोटी. पहिला दिवस पावसात गेला. भारत ५ बाद ७५, आणि तेथून दिलीप सरदेसाईंच्या २१२ धावा आणि एकनाथ सोलकरची साथ, एकूण ३८७. वेस्ट इंडीज २१७ वर बाद. आघाडी १७० ची, म्हणजे दोनशेला तीस कमी. पण पहिला दिवसच बुडाल्यामुळे सामना चार दिवसांचा धरला जातो आणि मर्यादा १५० वर येते, हे वाडेकरांनी हेरले होते. ते सरळ सोबर्सच्या ड्रेसिंगरूममध्ये गेले आणि तुम्हीच पुन्हा खेळा म्हणून सांगून आले.

या सामन्यात भारत जिंकला नाही. वेस्ट इंडीजने दुसऱ्या डावात ५ बाद ३८५ केल्या, कन्हायने नाबाद १५८. निकालाच्या रकान्यात पाहिले तर वाडेकरांच्या पदरी काहीच पडले नाही. पण वेळ इतका थोडा उरला होता, की हरण्याची भीती जवळजवळ नव्हती. आणि ज्या संघाला भारताने तोवर एकदाही हरवले नव्हते, त्याला प्रथमच फॉलोऑन दिला गेला. स्वस्तात घेतलेला माल होता हा. पुढच्याच कसोटीत पोर्ट ऑफ स्पेनला भारत सात गडी राखून जिंकला आणि मालिकाही त्याच एका विजयावर मिळाली. वाडेकर स्टेट बँकेत नोकरीला होते, हे मी आमच्या वर्गात मुद्दाम सांगत असतो.

मग द्रविडनेही तसेच का करू नये? कारण माल तोच असला तरी भाव तो नव्हता. शिवाय या सौद्यात कधी कधी काय होते, हे द्रविडने स्वतः बॅट हातात घेऊन पाहिले होते. मार्च २००१, कोलकाता. सलग सोळा कसोट्या जिंकून आलेल्या ऑस्ट्रेलियाने ४४५ केल्या, भारत १७१. स्टीव्ह वॉने २७४ च्या आघाडीवर फॉलोऑन दिला. आपल्या हैदराबादच्या लक्ष्मणला तिसऱ्या क्रमांकावर बढती मिळाली, द्रविड सहाव्यावर गेला, चौथा संपूर्ण दिवस दोघांनी एकही गडी पडू दिला नाही. लक्ष्मण २८१, द्रविड १८०. ऑस्ट्रेलिया १७१ धावांनी हरले.

त्यानंतर वॉची चूक झाली असे सगळे म्हणू लागले. माझ्या मते त्याची काडीची चूक नव्हती. तोवरच्या सव्वाशे वर्षांच्या कसोटी क्रिकेटमध्ये फॉलोऑन मिळालेला संघ फक्त दोनदा जिंकला होता, १८९४ ला सिडनीत आणि १९८१ ला लीड्सला. दोनदाच बुडालेल्या व्यवहारावर कोणती बँक कर्ज नाकारील? लक्ष्मण तसा खेळला, हे लक्ष्मणचे मोठेपण. त्यावरून वॉ गाढव ठरत नाही.

परत ओव्हलकडे येतो. भारत मालिकेत १-० असा पुढे होता, ही शेवटची कसोटी. इंग्लंडमध्ये १९८६ नंतर मालिका जिंकली नव्हती. गोलंदाज चारच, झहीर, श्रीसंत, आर. पी. सिंग आणि कुंबळे, आणि तेही नुकताच एक लांबलचक डाव टाकून दमलेले. आणखी एक गोष्ट टीकाकार विसरतात. मार्च २००६ मध्ये वानखेडेवर परिस्थिती अगदी हीच होती: इंग्लंडविरुद्धच, शेवटची कसोटी, १-० ची आघाडी, द्रविडची शंभरावी कसोटी. तेथे त्याने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले. शेवटच्या डावात भारत १०० धावांत गारद झाला, २१२ धावांनी हरला, मालिका बरोबरीत सुटली. तेव्हा हेच लोक म्हणाले, कशाला नसते धाडस! आणि २००४ ला मुलतानमध्ये तेंडुलकर १९४ वर नाबाद असताना याच भित्र्या माणसाने डाव घोषित केला होता. तो सामना भारत एक डाव आणि ५२ धावांनी जिंकला.

म्हणून ओव्हलला फॉलोऑन न देणे मला बरोबरच वाटते. आक्षेप आहे तो पुढच्या दोन तासांबद्दल. दुसऱ्या डावात तीन गडी पटापट गेल्यावर द्रविड खेळला ९६ चेंडू आणि धावा केल्या १२. सुरक्षितता त्याने आधीच विकत घेतली होती, ३१९ धावांचे भांडवल पेटीत होते. विमा उतरवल्यावरही कोणी रात्रभर दुकानासमोर कंदील घेऊन बसतो का? डाव ६ बाद १८० वर घोषित झाला तोवर गोलंदाजांसाठीचा वेळ खर्ची पडला होता. मालिका मात्र भारताने जिंकली, इंग्लंडमध्ये एकवीस वर्षांनी, आणि महिनाभराने द्रविडने कर्णधारपद सोडले.

हे सगळे परक्या मैदानांवरचे झाले. आपल्या उप्पलच्या मैदानावर जानेवारी २०२४ मध्ये बेन स्टोक्सने केले ते पाहा. हा गृहस्थ वर्षभरापूर्वीच, फेब्रुवारी २०२३ मध्ये, वेलिंग्टनला न्यूझीलंडला फॉलोऑन देऊन अवघ्या एका धावेने हरला होता. उप्पलला त्याने टॉम हार्टले या नवख्या फिरकी गोलंदाजाला चेंडू दिला. कसोटीतला त्याचा पहिलाच चेंडू जैस्वालने षटकारासाठी भिरकावला. पहिल्या दिवसअखेर भारत १ बाद ११९. शहरभर हसे झाले. दुसरा कोणी कर्णधार असता तर त्या पोराला सीमारेषेवर उभे करून विसरला असता. स्टोक्सने त्याला टाकायला लावले, पंचवीस षटके, १३१ धावा, दोन गडी. लीच जायबंदी झालेला, वेगवान गोलंदाज एकटा वुड. शेवटच्या डावात याच पोराकडे यावे लागणार, तर त्याचा हात आताच बसू दे, एवढा साधा विचार त्यामागे असावा. पुढे ऑली पोपने १९६ धावा काढल्या, भारताला २३१ हव्या होत्या, आणि हार्टलेने ६२ धावांत सात गडी टिपले. १९० ची आघाडी असलेला भारत घरच्या मैदानावर २८ धावांनी हरला.

हार्टलेला चौथ्या दिवशी एकही बळी मिळाला नसता, तरी पहिल्या दिवसाच्या संध्याकाळी स्टोक्सने केले ते योग्यच होते असे मी म्हणेन. कॅन्टीनमध्ये माझ्या बाजूने अजून एकच मत पडले आहे, आणि तेही कन्नड विभागाचे.